पट्टी त्याच पात्याला

आई,

काल तुझ्या नातीनं तुझा शब्द वापरला. माझा वाढदिवस साफ विसरली बाईसाहेब, आणि ऑफिसातून आल्यावर बूट काढता काढता म्हणते, "सॉरी मम्मा, संडेला कॉम्पेन्सेट करते ना!" उच्चार अगदी तिच्या इंग्रजी शाळेतला, गुळगुळीत. मला हसूच फुटलं. घोडबंदर रोडच्या या अकराव्या मजल्यावर मी एवढी का हसतेय, तिला काही कळेना. हा शब्द मी शाळेत इंग्रजी सुरू व्हायच्या आधी शिकलेय, आणि तोही तुझ्या तोंडून. 'काँपेन्सेट'. अनुस्वारावर चांगला जोर देऊन.

तू तो पंख्यांच्या कारखान्यातून घरी आणलास. पंखा तयार झाला की तुमच्याकडे यायचा. तुम्ही बायका तो टांगून फिरवून बघायचात, आणि डुलला की कुठलं पातं हलकं आहे ते शोधून त्याला पत्र्याची छोटीशी पट्टी लावायचात. तुमचा सुपरवायझर त्याला काँपेन्सेट करणं म्हणायचा, मग तूही म्हणायला लागलीस, आणि वर्तकनगरच्या आपल्या दोन खोल्यांत त्या शब्दानं नुसता धुमाकूळ घातला. आमटी खारट झाली? टाक बटाटा, काँपेन्सेट कर. बाबा उशिरा आले आणि हातात वड्यांचा पुडा दिसला की तू कमरेवर हात ठेवून विचारायचीस, "हे काय, काँपेन्सेट का?" बाबा बिचारे गालातल्या गालात हसत पुडा सोडायचे. बिल्डिंगमधल्या बायका तुझी टिंगल करायच्या, आणि तू त्यांच्याहून मोठ्यानं हसायचीस.

आता माझ्या पायाचं. पोलिओनं माझा डावा पाय दीडेक इंच आखूड राहिला. आपल्या घरात त्याची कधी कुजबुज नव्हती, पण शेजारच्या काकूंच्या जिभेला कोण आवरणार? येईल त्या पाहुण्याला सांगायच्या, "पायाचं देवानं डोक्यात भरून काढलंय हो!" मी ते मनावर घेतलं. सातवीत होते, शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. सहामाहीत वर्गात पहिली आले आणि तू कारखान्यातून येऊन पिशवी खाली ठेवायच्या आत तुझ्या नाकासमोर प्रगतिपुस्तक धरलं. "आई, मी काँपेन्सेट केलं!"

"कशाचं?" तू विचारलंस.

"पायाचं."

तू पुस्तक उघडलंसुद्धा नाहीस. एवढी चिडलेली मी तुला क्वचितच पाहिलीय. "कुणी शिकवलं गं तुला हे? पातं हलकं असलं तर पट्टी त्याच पात्याला लावतात. खोक्याला छान रंग दिला म्हणून पंखा डुलायचा थांबतो होय? पहिली आलीस, चांगलं झालं, पेढे आणू. पण पायाचं पायालाच बघायचं. मार्कांचा काय संबंध? तुला काय पाहिजे ते बोल." मला रडू कोसळलं. मला काय हवंय हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. हुंदके देत देत सांगितलं, की मला सव्वीस जानेवारीच्या लेझीममध्ये घ्या. पी.टी.चे सर दरवर्षी मला सावलीत बसवून दप्तरं सांभाळायला लावायचे. माणूस वाईट नव्हता, मी पडेन म्हणून घाबरायचा. पण आई, दप्तरं सांभाळून मी इतकी वैतागले होते की काय सांगू.

पुढच्याच रविवारी तू मला नौपाड्यात घेऊन गेलीस, चपला शिवणाऱ्या मामांकडे. माझा डावा कॅनव्हासचा बूट त्यांच्यापुढे ठेवलास आणि दीड इंच म्हणजे दीड इंच रबर लावून घेतलंस. मी चार पावलं टाकली आणि उजवीकडे कलंडले. तू भर रस्त्यात खो-खो हसत सुटलीस. "जास्त काँपेन्सेट झालं! उलटी डुलायला लागली!" मामा म्हणाले, "ताई, पोरगी आहे ती, पंखा नाय." मग एक थर काढला. पुढच्या रविवारी परत गेलो, तेव्हा थोडं टाचेकडून तासलं. तू फुटपाथवर उकिडवी बसलीयेस, एक डोळा मिटून माझ्या टाचा बघतेयस, आणि मी दुकानापासून कोपऱ्यापर्यंत जातेय, येतेय. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालंय. "आई, लोक बघतायत गं!" तू मान वर न करता म्हणतेस, "बघू देत, फुकट आहे. चाल तू." असे किती रविवार घातलेस कोण जाणे. हक्काची तेवढीच एक सुट्टी होती तुझी.

मग सरांसमोर जाऊन उभी राहिलीस. "सर, आधी चालवून बघा आणि मग नाही म्हणा." सरांनी मला चालवलं, वाकवलं, उडी मारायला लावली आणि शेवटच्या रांगेत उभं केलं. सव्वीस जानेवारीला हातात लेझीम, पायात तो जाडा बूट, आणि समोर भिंतीला टेकून तू. खेळ संपल्यावर धावत येऊन विचारलं, "आई, डुलले का मी?" दुसरी कुठलीही आई नाही म्हणाली असती. तू म्हणालीस, "डुललीस की थोडीशी. घरोघरचे पंखे डुलतातच थोडे. वारा येतो ना? मग झालं." त्या उत्तरानं मला जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्याच पहिल्या नंबरानं झाला नाही. नंबर मी नंतरही आणले म्हणा, पण ते काकूंना पेढा देताना त्यांचं तोंड बघायला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी तू गेलीस तेव्हा मला सातवा महिना होता. काकू भेटायला आल्या आणि पोटाकडे बघत म्हणाल्या, "मुलगी झाली की आईच परत आली समज." मी फटकन म्हणाले, "काकू, तिला तिची म्हणून येऊ द्या." ती तिची म्हणूनच आली, आई. तुझी जागा हलकी ती हलकीच राहिली. तिथे बसेल अशी पट्टी मला मिळाली नाही, आणि आता मी शोधतही नाही. थोडी डुलते. पण छान चाललंय माझं, खरंच.

तर काल तुझ्या नातीला म्हटलं, "संडेबिंडे काही नाही. पट्टी त्याच पात्याला लावायची. आज विसरलीस ना, मग आजच शिरा कर." गुमान ओढणी कमरेला खोचून स्वयंपाकघरात गेली. शिऱ्यात गुठळ्या झाल्या होत्या, दोघींनी कढईतूनच खाल्ला. खाता खाता म्हणाली, "मम्मा, ते पात्याचं भारी होतं हं. कुणाचं गं?"

तुला पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून इथेच कबूल करते. मी "माझंच" म्हणाले.