बायकांच्या गोदरीत वसाहतीची कमान नको

प्रति,
मा. परवानगी अधिकारीसाहेब,
जिल्हा कचेरी, पुणे.

विषय : टेकाडवाडीच्या बाजूने वसाहतीची प्रवेश-कमान व दिशादर्शक फलक उभारण्यास परवानगी न देण्याबाबत.

संदर्भ : टेकाडवाडीच्या चावडीवर डकवलेली आपली नोटीस.

महोदय,

मी कु. इंद्रायणी मारुतराव गव्हाणे, राहणार टेकाडवाडी, कासारवाडी स्टेशनाजवळ, इयत्ता दहावीत शिकते. वाडीतून दहावीपर्यंत पोचलेली मी पहिलीच मुलगी. चावडीवरची आपली नोटीस मी उभ्या उभ्या वाचून काढली. कोणाची हरकत असल्यास महिन्याच्या आत लेखी कळवावी, असे तीत आहे. हरकत पुरुषांनीच घ्यावी असे कोठेही लिहिलेले नाही. मी पुन्हा वाचून खात्री केली. तेव्हा माझी हरकत येणेप्रमाणे :

१. नोटिशीसोबतच्या नकाशात कमान जिथे दाखवली आहे, ती ओढ्याकाठची पट्टी "पडीक, विनावापर" अशी नोंदली आहे. हे साफ खोटे आहे. ती वाडीतल्या बायकांची गोदरी आहे. असली गोष्ट अर्जात सभ्य शब्दांत लिहावी असे आमच्या बाई शिकवतात, म्हणून मी पुष्कळ सभ्य शब्द लिहून पाहिले आणि खोडले. सभ्यपणामुळेच हा सगळा घोळ झाला आहे. म्हणून सरळ लिहिते की वाडीतल्या झाडून सगळ्या बायका आणि मुली तिथे शौचास जातात. आम्हाला दुसरी जागा नाही.

२. घोळ कसा झाला तेही लिहिते. आमच्याकडे बायकांच्या गोदरीकडे पुरुषमाणूस पाय टाकत नाही, बघत नाही आणि तिचे नावही तोंडाने घेत नाही. एखाद्याची शेळी तिकडे शिरली तर तो लांबूनच हाका मारीत बसतो. ही चाल चांगली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वसाहतीचा मोजणीदार आला तेव्हा त्याच्याबरोबर पाटील अर्जुनराव आणि माझे वडील, आबा, होते. "ही पट्टी कोणाच्या वापरात आहे?" असे त्याने विचारले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि मग पाटील म्हणाले, "मोकळं रान हाय सायब. कुणाच्या कामाचं न्हाई." मोजणीदाराने तसेच लिहून घेतले. त्याचा काय दोष?

मी घरी आबांना विचारले, खरे का नाही सांगितले म्हणून. आबा ओरडले, "लाज हाय का न्हाई तुला? परक्या माणसाला काय सांगू, हितं आमच्या बायका बसत्यात म्हून?" त्यावर माझी चुलती दुर्गाबाई चुलीपुढून म्हणाली, "तुमची लाज ऱ्हायली, भावजी. आमची लारीखाली गेली." आबा त्या दिवशी जेवले नाहीत. आम्ही जेवलो.

३. परवानगी अजून मिळालेली नाही, तरी वसाहतीने तात्पुरता म्हणून एक लाकडी फलक आधीच रोवला आहे. त्यावर हातभर लांबीचा लाल बाण आहे, "प्रवेश" असे लिहिले आहे आणि खाली "वळणावर भोंगा वाजवा" अशी आज्ञा आहे. बाण थेट गोदरीत घुसतो. शिवाय तो मुंबई रस्त्यावरून दिसावा म्हणून ओढ्याकाठचा सगळा निवडुंग आणि घाणेरी तोडून टाकली. तेवढाच आमचा आडोसा होता. आता पहाटेपासून काच कारखान्याच्या लाऱ्या, रंग कारखान्याच्या लाऱ्या, सायकलवरचे कामगार आणि नोकरी मागायला आलेली माणसे त्या बाणावरून येतात. आणि आज्ञेप्रमाणे प्रत्येक लारी नेमकी तिथेच भोंगा वाजवते. साहेब, मला याची किळस येते. आम्ही तिथे जातो त्याची नव्हे, माणसे तिथून पुढे जाताना हसतात त्याची.

या फलकाला कोणी शेण मारले याची वसाहतीतर्फे चौकशी चालू असल्याचे ऐकते. ती बंद करावी. रोज वेगळी बाई मारते.

४. वसाहतीच्या अर्जात "ग्रामस्थांचा, विशेषतः स्त्रियांचा या प्रवेशमार्गास उत्साहपूर्ण पाठिंबा आहे" असे एक वाक्य आहे, ते नोटिशीत उतरवले आहे. हे मी बोट ठेवून पुन्हा वाचले. पाठिंबा कुठून आला ते आता ऐकावे.

गोदरीजवळून कोणी जाऊ लागले की बाईने उठून उभे राहायचे, पदर पुढे ओढायचा आणि तो जाईपर्यंत तसेच थांबायचे, अशी रीत आहे. दिवाळीआधी वसाहत पाहायला पुण्याहून मोठे साहेब मोटारीतून आले. बाणाबरहुकूम त्यांची मोटार गोदरीत शिरली. सकाळची वेळ होती. दोन्ही अंगांच्या बायका रीतीप्रमाणे उठून उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर, हातात पाण्याचे तांबे. साहेबांनी मोटार हळू करायला सांगितली. त्यांना वाटले, पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायला गावच्या लेकीसुना रांगेने उभ्या आहेत. त्यांनी काच खाली केली आणि दोन्ही बाजूंना वळून वळून हात जोडले. एकाने तर खाली उतरायचीच तयारी केली होती. रंभामावशी ओरडली, "आरं हाक की गाडी पुढं, मुडद्या!" तेव्हा ड्रायव्हर शहाणा निघाला.

त्यानंतर वसाहतीचे व्यवस्थापक नानासाहेब चावडीवर येऊन पाटलांना म्हणाले, "तुमच्या बायकांनी फार हृद्य स्वागत केलं हो. साहेब अजून बोलतात." आणि पाटील म्हणाले, "व्हय साहेब. आमच्या वाडीची रीतच हाय तशी." मी तेव्हा चावडीसमोरच्या आडावर पाणी भरत होते. माझ्या कानांनी ऐकले आहे.

५. इथपर्यंत आपण हसला असाल तर हरकत नाही, आम्हीही हसलो होतो. आता हसू नये. माझी भावजय शालनवहिनी सातव्या महिन्यात आहे. दिवसा गोदरीत जाता येत नाही म्हणून तिने सकाळपासून पाणी पिणेच सोडले. तिला जळजळ होऊ लागली, मग ताप भरला. देहूरोडच्या डॉक्टरांकडे नेली. "भरपूर पाणी प्यायला पाहिजे, नाहीतर बाई आणि मूल दोघांनाही धोका आहे," असे त्यांनी दादाला सांगितले. दादा परत येऊन तिला पाण्याचा पेला भरून देतो आणि ती पेला हातात धरून दाराबाहेर उजेड किती आहे ते बघते. मग पेला खाली ठेवते. हे रोज चालले आहे. मला तिच्यावर चिडताही येत नाही, कारण शाळेच्या दिवशी मीही तेच करते.

रूळ ओलांडून पलीकडे जावे तर तिकडे गँगमनांच्या चाळी आहेत. ओढ्याच्या खालच्या अंगाला रंग कारखान्याचे हिरवे पाणी साचले आहे, त्यात म्हशीसुद्धा उतरत नाहीत.

६. मंजुरीसाठी आलेल्या फलकांची नावे मी नोटिशीत वाचली : उपाहारगृह, सायकल ठेवण्याची जागा, कामगारांच्या हजेरीची वेळ कचेरी आणि पुरुषांचे शौचगृह. यातला शेवटचा फलक आमच्या गोदरीच्या मधोमध उभा राहणार आहे. पुरुषांना वाट चुकू नये म्हणून. कारखान्यातल्या पुरुषांना पक्के, दाराचे, कडीचे संडास मिळाले, फार चांगले झाले. त्यांची वाट आमच्यावरून नेऊ नये, इतकेच.

मी हे वसाहतीतले फोरमन बबनराव यांना तोंडी सांगायला गेले होते. ते म्हणाले, "मुलीच्या जातीनं असल्या विषयात पडू नये. बोर्ड वरच्यांच्या सहीनं लागतो." म्हणून वरच्यांना लिहीत आहे.

७. तरी विनंती की :
(अ) कमान नाशिक रस्त्याच्या अंगाला बांधावी. तिथे बैलगाडीची जुनी वाट आहे. लारीला फेरा पडेल, पण लारी गरोदर नाही.
(आ) सध्याचा फलक उपटून न्यावा आणि भोंग्याची आज्ञा रद्द करावी.
(इ) निवडुंग पुन्हा लावावा, आणि तो वाढेपर्यंत वसाहतीच्या खर्चाने बांबूचे तट्टे बांधून आडोसा करावा. हे काम सगळ्यांत आधी व्हावे. वहिनीला वाट पाहायला वेळ नाही.
(ई) नकाशातले "पडीक, विनावापर" खोडून तिथे "स्त्रियांची गोदरी" असे ठळक लिहावे. लिहिताना कारकुनाला लाज वाटल्यास मला बोलवावे, माझे अक्षर चांगले आहे.

आपण जागेच्या पाहणीसाठी आल्याशिवाय निर्णय करणार नाही, असे मी धरून चालते. येताना कृपा करून बाईसाहेबांनाही आणावे. त्यांनी सकाळी घरून दोन कप चहा घेऊन निघावे आणि दिवे लागेपर्यंत आमच्याकडेच राहावे. आम्ही त्यांची सगळी बडदास्त ठेवू, भाकरी, पिठले, ताक, हवे तितके. दुपारनंतर त्यांनी आपणांस काही विचारले, तर त्यांना त्या बाणाकडे बोट दाखवावे.

आपली नम्र, पण या बाबतीत मागे न हटणारी,

कु. इंद्रायणी मारुतराव गव्हाणे
टेकाडवाडी, दि. ११ नोव्हेंबर १९५८

सोबत :
१. जागेचा मी काढलेला नकाशा. नाशिक रस्त्याची वाट निळ्या शाईने दाखवली आहे.
२. वाडीतल्या बायकांचे अंगठे. नवऱ्याचे नाव घ्यायला नको म्हणून नावे लिहिलेली नाहीत. वरच्या कोपऱ्यातला फिकट ठसा शालनवहिनीचा आहे. तिने तो अंथरुणावरून दिला आहे, पुसट म्हणून नामंजूर करू नये.