कठड्यावरची डिश आणि अडलेला उत्तररंग

प्रति,
मा. विभागीय अभियंता,
बिनतारी जोडणी विभाग,
तालव्योम इंटरनेट सेवा, भोपाळ.

विषय : नेहरू नगर ते बाग सेवनिया बिनतारी जोडणीचा वेग दर शनिवारी सायंकाळी कोसळत असल्याबाबत व डिशसाठी कबूल केलेला खांब अद्याप न उभारल्याबाबत.

संदर्भ : १) माझे हिंदीतील तीन अर्ज. २) आपले दि. १० नोव्हेंबरचे पत्र, ज्यात ‘भाविकांची गर्दी हा ग्राहकाच्या जागेतील अडथळा आहे’ असे नमूद आहे.

महोदय,

आपण मराठी आहात असे परवा कळले, म्हणून हा चौथा अर्ज मातृभाषेत करीत आहे. हिंदीत मला नीट रागावता येत नाही.

१. नेहरू नगरातील आमच्या सभागृहात दर शनिवारी साडेपाच ते आठ नरहरबुवांचे कीर्तन असते. बाग सेवनियातील वसाहतीत अकरा वृद्ध श्रोते आहेत, त्यांना येणे जमत नाही. त्यांना घरबसल्या कीर्तन ऐकता यावे म्हणून आपण एक डिश आमच्या गच्चीवर व दुसरी त्यांच्या गच्चीवर समोरासमोर बसवली. मध्ये झाड नाही, इमारत नाही, असा आपलाच पाहणी अहवाल आहे.

२. पूर्वरंगाचे निरूपण तिकडे स्वच्छ पोहोचते. बुवांना हार घातला, बुक्का लावला आणि उत्तररंगाचे आख्यान सुरू झाले, की चाळीस एमबीपीएसचा वेग दीडवर येतो. तिकडच्या पडद्यावर बुवा तोंड उघडून थिजतात. पुरात सापडलेल्या नावाड्याचे आख्यान बुवांनी स्वतः रचलेले आहे. आपल्या कृपेने तो नावाडी तीन आठवडे झाले पुरात वल्हे धरून उभा आहे.

३. आपले तंत्रज्ञ श्री. सौरभ पाच वेळा येऊन गेले. मुलगा गुणी आहे, चहा घेताना नमस्कार करतो. त्यांनी यंत्र बंद-चालू केले, चॅनेल बदलले, केबलचे टोक नवे लावले, डिशवरची धूळ पुसली. पण आले ते दरवेळी मंगळवारी अकरा वाजता. रिकाम्या गच्चीवर वेग मोजायचा, “अंकल, लाइन तो मस्त है” म्हणायचे आणि तक्रार बंद करायची. शनिवारी या म्हटले, तर शनिवारी अर्धा दिवस. कीर्तन मंगळवारी ठेवावे अशी सूचनाही आपल्या फोनवरील बाईंनी केली.

४. अखेर गेल्या शनिवारी उत्तररंग सोडून मी स्वतः वर गेलो. बावीस वर्षांत प्रथमच कीर्तनातून उठलो. ते पाप कोणाच्या माथी, हे आपण ठरवावे. गच्चीवर प्रसादाच्या पंगतीची तयारी चालली होती. सोळा वाढपी पातेली, द्रोण घेऊन उभे, आणि उभे कुठे, तर बरोबर डिशपुढे. डिश कठड्यावर, माणसाच्या छातीइतक्या उंचीला. दुसऱ्या दिवशी मी व आमच्या कीर्तन मंडळाचे श्री. मिलिंद यांनी प्रयोग केला. एक माणूस समोर उभा केला की वेग चाळीसवरून एकोणीस, चार माणसे उभी केली की सहा. आमचे विजयराव देहाने भारी, ते एकटेच चौघांचे काम करतात. तक्ता जोडला आहे. जे पाच भेटींत कळले नाही ते दोन पेन्शनरांना चाळीस मिनिटांत कळले.

५. आपल्याच नकाशात डिश पंधरा फुटी खांबावर दाखवली आहे. बसवणारे लोक शिडीच आणायला विसरले होते. ‘अगली बार’ म्हणून कठड्यावर ठोकून गेले. त्याला चौदा महिने झाले. आणि आता आपण लेखी कळवता की अडथळा भाविकांचा आहे. महोदय, भाविक तिथे आधीपासून आहेत. डिश नंतर आली.

६. त्या अकरा श्रोत्यांत माझी थोरली बहीण मंगलाताई आहे. तीस वर्षे तिने बुवांना पेटीची साथ केली. आता दृष्टी गेली आहे, अंथरूण सुटत नाही. डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात मला बाहेर बोलावून जे सांगितले ते अर्जात लिहिण्यासारखे नाही. दर शनिवारी आवाज बंद पडतो आणि रात्री ती मला फोनवर विचारते, “विश्वास, नाव काठाला लागली का रे?” तिला शेवट पाठ आहे. मी सांगायला गेलो तर म्हणाली, “तू गप्प बस. बुवांच्या तोंडून ऐकायचंय.” तेव्हा ‘आख्यानाचे रेकॉर्डिंग पाठवावे’ हा आपला उपाय आपल्याजवळच ठेवावा. बुवा आता थकले आहेत. तिच्यासाठी ते दि. २२ रोजी हेच आख्यान पुन्हा लावणार आहेत. त्यानंतरच्या शनिवारची खात्री मला देता येत नाही.

७. सबब, शुक्रवार दि. २१ पर्यंत खांब उभारून डिश वर चढवावी. शिडी आमची घ्या, माणसे आमची घ्या. शनिवारी सायंकाळी सात वाजता आपण स्वतः उपस्थित राहून वेग मोजावा.

खांब न आल्यास काय करायचे तेही मंडळाने ठरवले आहे. त्या सायंकाळी गच्चीवर कोणीही उभे राहणार नाही. सोळाही वाढपी गुडघ्यांवर चालून पाने वाढतील. त्यांतले नऊ जण साठीच्या पुढचे आहेत. आपण आलात तर प्रसाद घेतल्याशिवाय सोडणार नाही, मात्र जिन्यावरून वर येताना कृपया आपणही वाकूनच यावे.

आपला, अजूनही नम्र,
विश्वास गजानन देवपुजारी
सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, नेहरू नगर, भोपाळ
दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत : १) माणसे व वेग यांचा तक्ता. २) आपल्या नकाशाची प्रत, खांबाभोवती लाल शाईने गोल केलेली. ३) डिशसमोर उभ्या असलेल्या विजयरावांचे छायाचित्र.