रणशीण : वापराची ओळ रिकामी

सोमवार, ३
शब्दकोशाच्या कचेरीत आज नवं कार्ड माझ्या गळ्यात पडलं — लढाईवरून आलेल्यांच्या थकव्याला शब्द काय? अर्थ, व्युत्पत्ती, यमकं. आणि तळाशी ‘वापर’ची ओळ. ती खऱ्या माणसाच्या तोंडच्या वाक्यानंच भरायची, मनचं लिहायचं नाही! नाहीतर आमच्या संपादक टाचणीबाई शिक्का देत नाहीत.
बाई म्हणाल्या, ‘घरात फौजी आहे ना तुझ्या? विचार की!’
विचार की म्हणे! दादाला आघाडीवरून येऊन दोन महिने झाले. काहीही विचारा, उत्तर एकच — ‘मजेत.’

मंगळवार, ४
मी ‘रणशीण’ सुचवला. शीण ‘क्षीण’वरून आला की ‘शीर्ण’वरून, यावर चहा गार होईपर्यंत भांडण! कुणीतरी सुचवलेलं ‘हाय खाणे’ बाईंनी खोडलं. ‘त्यात दोष माणसावरच येतो.’ पटलं मला.

बुधवार, ५
कार्ड गुपचूप घरी आणलं. दादा यमकांना बसला आणि काय रंगला! शीण — वीण — हीण. थकवा — चकवा — लकवा. धसका — ठसका — मसका. ‘मसका आईला लाव, कपडे धुऊन देईल,’ म्हणाला. किती दिवसांनी हसला!
तेवढ्यात वाऱ्यानं दार धाडकन आपटलं. दादा टेबलाखाली.
बाहेर येऊन म्हणाला, ‘पेन्सिल पडली होती.’ पेन्सिल त्याच्या हातातच होती.

गुरुवार, ६
सोमवारी त्याची रजा संपते. पुन्हा रुजू व्हायचा फॉर्म भरून ठेवलाय. ‘प्रकृतीची तक्रार’ — ‘काही नाही’. म्हटलं, दादा, खरं लिही ना रे. ‘तू तुझे शब्द सांभाळ.’
फार भीती वाटते. हा असाच परत गेला तर — नको, पुढचं लिहवत नाही.

शुक्रवार, ७
कार्ड गायब! सगळं घर पालथं घातलं. बाई मला कच्ची खातील. दादा नुसता म्हणतो, ‘मिळेल गं.’

शनिवार, ८
मिळालं. दादाच्या फॉर्मला टाचून ठेवलेलं. ‘काही नाही’वर काट, शेजारी — ‘सोबतचे कार्ड पाहावे.’
वापराची ओळ भरली आहे, त्याच्या अक्षरात : ‘दार आपटलं की मी अजून तिथेच असतो. मला रणशीण आहे.’
सोमवारी बाईंकडे नवं कार्ड मागायला हवं.