पेटीच्या पुढच्या फळीवरचा फुगा

प्रिय मामा,

तुला लिहायचं मी अडीच महिने टाळलंय. तू गेल्यावर विहारातल्या पुण्यानुमोदनाला सगळ्यांनी तुझ्याबद्दल दोन शब्द बोलायचे ठरलेले, आईने माझंही नाव दिलेलं. मी काय केलं? सकाळीच ठाण्याला गेले आणि खोपटच्या डेपोत जी गाडी सुटत होती तिच्यात बसले. जव्हारची होती. जव्हारला मला कोण ओळखतं? कोणी नाही. म्हणून तर गेले.

आज लिहितेय कारण आज उठून जाता येत नाहीये. तुझ्या कल्याणच्या दुकानात बसलेय, शटर अर्धं वर. लाकूड चिकटवायचा सरस कालपासून भिजत होता, आता गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलाय. तो उकळला की मेला, हे तूच डोक्यात बसवलंयस. म्हणजे लक्ष ठेवायचं, हलायचं नाही. समोर नवीन चहावाला आलाय, इतकं आलं घालतो की घोटाला ठसका लागतो. तू असतास तर त्याच्याशी भांडला असतास. ते जाऊ दे.

पुढ्यात ती पेटी आहे, तुझी शेवटची, कोळसेवाडीच्या विहारात गाणाऱ्या बायकांची. सूर लावून झालेत, भाता दम धरतो. फक्त पुढच्या फळीवरचं सागाचं विनियर, ते कागदाएवढं पातळ लाकूड, एका जागी तळहाताएवढं सुटलंय. बघून कळत नाही. नखाने ठोकलं की कळतं. बाकी सगळीकडे आवाज भरीव, तिथे पापडासारखा. तू त्याला फुगा म्हणायचास.

उद्या सकाळी त्या बायका पेटी न्यायला येणार. मंडळाच्या शोभाताई मला म्हणाल्या, राहू दे गं, वाजते ना, तुझ्या मामाची आठवण म्हणून अशीच नेतो. प्रेमानेच म्हणाल्या. पण फुगा आलेली पेटी तू कधी दाराबाहेर जाऊ दिलीस का? आणि हा फुगा तुझा नाही मामा. माझा आहे.

विनियर चिकटवायला चार हात लागतात. एकाने इस्त्री फिरवायची, दुसऱ्याने लगेच मागून लाकडी पट्टीने दाबत जायचं, मधून कडेला, सरस गार व्हायच्या आत. त्या दिवशी तुझा सरस तयार होता आणि मी म्हटलं, दहा मिनिटांत आले. कोपऱ्यावर माझा दोस्त बंटी नवीन बाइक घेऊन उभा होता. शीळफाट्यापर्यंत जायचं आणि मागे फिरायचं, एवढंच ठरलेलं. पण शीळफाट्याला रस्ते फुटतात ना, तिथे माझं काहीतरी होतं बघ. पनवेल झालं, पेण झालं, मुरूडला समुद्र लागला म्हणून थांबलो. पाचव्या दिवशी तुला फोन केला.

तू म्हणालास, "झालं चिकटवून. तू जेवलीस का?"

शिवी का नाही दिलीस रे? एक सणसणीत शिवी दिली असतीस तर त्याच रात्री परत आले असते. की नसते आले? माहीत नाही.

आले तेव्हा तू खिशात हात घालूनच बोललास. मला वाटलं, राग आलाय. आठवड्याने तू झोपेतच गेलास. मग घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मामीने मला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाली, "एका हाताने इस्त्री, दुसऱ्याने दाबत होते. तीन बोटं भाजून घरी आले. जेवायला चमचा मागितला त्यांनी मला." तेवढंच. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मी जिन्यात दिसले की ती दोरीवरचे कपडे काढायला वळते, कपडे ओले असले तरी.

काल मी एकटीने करून बघितलं. तू दाखवलेलंस तसंच. ब्लेडने लाकडाच्या रेषेरेषेने बारीक चीर दिली, पातळ सुरीने आत सरस सोडला, उजव्या हातात इस्त्री, डावा दाबायला. चटका लागला आणि हात आपोआप मागे आला! चीर केसभर उघडली. तुझा हात कसा नाही आला मागे? तीन बोटं भाजेपर्यंत?

बंटीला फोन केला. तो म्हणाला, आज नाय जमणार यार. त्याला काय बोलणार, मीच कितीदा असं बोललेय. आता चीर अजून उघडली तर विनियरचा अख्खा पत्रा काढावा लागेल, आणि या रेषांचा दुसरा पत्रा दुकानात नाही. मी सगळी फडताळं उचकली. तुझा चष्मा सापडला, तीन पेन्सिली सापडल्या, पत्रा नाही.

सरस मधासारखा झालाय. म्हणजे आवरायला हवं.

एक शब्द देते. हात मागे घेणार नाही असं नाही म्हणत, ते मोठं बोलणं झालं. पण सरस गार होईपर्यंत या दुकानाबाहेर पाऊल टाकणार नाही. फाटलं तर फाटलेल्या पेटीपाशी बसेन, आणि उद्या त्या बायकांना स्वतःच्या तोंडाने सांगेन की फुगा कोणामुळे आला. जव्हारची गाडी आज माझ्याशिवाय जाईल.

तुझी, दोन तास एका जागी बसलेली,
सुजाता

थांब. शटर वर गेलं. मामी आलीय.

कोणी सांगितलं तिला? शोभाताईंनी असणार. चप्पल काढून सरळ आत आली, सरसाच्या वासाने पदर नाकाला लावला. माझ्याकडे बघितलं नाही. पेटीसमोर बसली, नखाने ठोकत ठोकत फुग्यापाशी येऊन थांबली. मग माझ्यापुढे हात केला.

"इस्त्री इकडे दे. तुझ्याने साधी ओढणीची चुणी निघत नाही. तू दाब."