दात बघून घेतलेला प्रोसेसर

शिरूर कासार,
रविवार

तीर्थस्वरूप मामांस, भाचा अंगद याचा पायावर डोकं ठेवून दंडवत.

इकडं सगळं खुशाल हाय. तुमच्या गुडघ्याचं कसं हाय? मामींना सांगा, चिवडा पोचला (आन संपलाबी). फोन करायचा सोडून पत्र का लिहितोय, ते पुढं कळंलच.

तर मामा, गेम खेळायला मला कंप्युटर पाहिजे होता हे तुमाला ठाऊकच हाय. येत्या वीस तारखेला आमची ऑनलाईन स्पर्धा हाय, पप्पू, अमरसिंह आन मी, तिघांची टीम. त्यापायी आबांनी (म्हणजे तुमच्या दाजींनी) आपला शिंगाळा मेंढा विकला, पण आधी चार माणसांत अट घातली : मशीन चालली तर अंगद घरी, न्हाई चालली तर काठी घेऊन मेंढरामागं. मी लगेच हो म्हणलो. आपल्या ऐपतीतले प्रोसेसर दोनच होते, एक निळ्या डब्यातला आन एक केशरी. (प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू, हे मी आबांना समजावलं, तर म्हणले, मग घरात एक तरी येऊ दे.) तुमी फोनवर सांगितलं, डोळे झाकून निळा घे, लई पळतो. तुमच्या शब्दावर मी बीडला गेलतो. घोळ एवढाच झाला, की आबा संग आले.

आता आबांनी उभ्या जन्मात दात न बघता जनावर घेतलं न्हाई. दुकानदार बंकटशेठ डबे फोडायला लई न्हाई न्हाई म्हणला, शेवटी वैतागून त्यानं दोन्ही फोडले. निळा उलटा केला तर खाली सपाट, नुसते ठिपके. केशरीखाली मात्र हजारभर बारीक सोनेरी पिना. आबा मला बाजूला घेऊन कानात म्हणले, "येड्या, निळं म्हातारं हाय. तोंडात एक दात न्हाई. गिऱ्हाईक बघून गळ्यात मारतोय." मी म्हणलो, आबा, निळ्याची ठेवणच तशी, त्याच्या पिना मशीनमधल्या बोर्डावर असत्यात. पण ऐकतंय कोण! "दात दुसऱ्याच्या तोंडात ठेवून कोण चरतंय बे?" म्हणले. तेवढ्यात दात हलत्यात का ते बघायला आबांनी केशरीवर अंगठा दाबून फिरवला, आन चार पिना आडव्या झाल्या. मग निवडायचं काय राहिलं? बंकटशेठनं हात जोडून तोच केशरी आमच्या पिशवीत घातला.

घरी येईपर्यंत यष्टीत मला रडू येत होतं. वाकड्या पिनेचा प्रोसेसर बोर्डात बसत न्हाई, आन तो न्हाई बसला की माझी काठी ठरलेली. पण तुमची बहीण, मामा! मेंढराच्या खुरातले काटे काढण्यात तिचा हात कोण धरील? तिनं सुई घेतली, उन्हात बसली, प्रोसेसरला "हलू नगं माय" म्हणली, आन चारही पिना सरळ केल्या. मी मशीन जोडून बटण दाबलं, तर पडद्यावर चित्र! आबांनी बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणून भंडारा उधळला (अर्धा पंख्यात गेला). मग पप्पूनं सांगितलं, तो निळा आणला असता तर पडदा काळाच राहिला असता. चित्र दाखवायला त्याला वेगळं ग्राफिक कार्ड लागतं, आन ते घ्यायला आपल्याकडं दुसरा मेंढा न्हाई. केशरीच्या पोटातच ती सोय असती. मामा, एवढी बारकी गोष्ट तुमच्याकडून सांगायची राहिली. चालायचंच, पुण्यात डोक्याला ताप लई असत्यात.

तवापास्नं आबांच्या मिशीला पीळ हाय. मीच कौतुकानं त्यांना एक शेतीचा गेम लावून दिला, तिथंच फसलो. त्यात मेंढरं हायत, तीनशे! लांडगा न्हाई, रोग न्हाई, कुणाच्या रानात शिरली तर शिव्या देणारं कुणी न्हाई. आबा आंघोळीच्या आधी बसत्यात ते दिवस मावळंपर्यंत. नेटसाठी माझा फोनबी मशीनलाच जोडलेला असतो, म्हणून हे पत्र. अटीची आठवण दिली तर म्हणले, "मशीन चालली, आमी कुठं न्हाई म्हणलो? पण खरी मेंढरं कुणी चारायची?" राग लई येतो मामा. पण त्यांना इतकं हसताना मी कधी बघितलंच नव्हतं, मग मी आपला काठी उचलतो.

असो. मामींना नमस्कार, धाकट्या उज्ज्वलाला पापा.

तुमचा भाचा,
अंगद
(सध्या मुक्काम : मेंढरामागं, लिंबाखाली)

ता.क. : खरं काम लिहायचं राहिलंच. वीस तारखेच्या आत आबांना आठ दिवस पुण्याला बोलवून घ्या. डोळे तपासायचे म्हणा, देवदर्शन म्हणा, कायबी म्हणा, पण दाजीला मानाचं बोलावणं आलं पाहिजे.

ता.क. दुसरा : आज जेवताना आबांचा अंदाज घेतला. यायला एका पायावर तयार हायत. फक्त मशीन संग घेऊन येतो म्हणत्यात. तवा बोलावणं धाडताना, पुण्यात लाईट नसती असं ठळक अक्षरात लिहा.