लाल ओळ

४ मार्च
आले एकदाची! खोली एका वह्या-पेनांच्या दुकानावर आहे. खिडकी मोठी, घरमालकीण त्याहून मोठ्या आवाजाची. कारखाना चालत जाण्याइतका जवळ. इथे गॅसपासून प्लॅस्टिकचे दाणे बनतात. पुढे कोणी त्यांच्या बादल्या करतं, कोणी खुर्च्या. माझं काम झकास आहे: रिअ‍ॅक्टरचं तापमान, दाब, गॅसचं प्रमाण पाहून दाणा किती मजबूत निघेल हे आधीच सांगणारा प्रोग्रॅम बसवायचा. एरवी लॅबमध्ये दाण्यांची पट्टी करून हातोड्याने तोडून बघतात, त्यात दिवस जातो. फिटरमामा (सगळे त्यांना मामाच म्हणतात) म्हणाले, म्हणजे पोरी तू ज्योतिषीणच की, फक्त लग्नाचं सोडून सगळं सांगणार! पोट धरून हसले.

१९ मार्च
प्रोग्रॅम चालला! लॅबचा आकडा संध्याकाळी येतो, माझा सकाळीच, आणि दोन्ही जुळतात. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मामांनी जेवताना अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला. मामी आता तुझ्या वाटणीचंही देते म्हणाले.

२ एप्रिल
थंड पाण्याचा पंप बंद पडला आणि रिअ‍ॅक्टर कधी नव्हे इतका तापला. प्रोग्रॅमने आकडा उत्तम दिला, पण त्याखाली लाल ओळ आली: इतकी उष्णता आधी पाहिलेली नाही, खात्री नाही. बाहेर ट्रक उभा. साहेबांनी विचारलं, "मॅडम, माल सोडू ना?" एवढ्या कौतुकानंतर 'माहीत नाही' म्हणायला जीभ रेटेना. लाल ओळ पडद्यावरून काढून टाकली आणि म्हटलं, "सोडा." पट्टी तोडून बघायची राहिली ती राहिलीच.

२५ एप्रिल
त्या मालाची हेल्मेटं झाली, आणि पहिला गठ्ठा नेमका आमच्याच कारखान्यात आला. पिवळीधमक. मामा नवरदेवासारखे मिरवत होते. मला ती लाल ओळ आठवली. पण बोलले नाही. उगाच शंका कशाला.

२९ एप्रिल
वरच्या माळ्यावरून पाना पडला. साधा पाना. हेल्मेट अंड्याच्या कवचासारखं फुटलं.
मामा गेले.
साहेब म्हणाले, नशीब. मी मान हलवली.
नंतर लॅबमध्ये त्या मालाच्या शिल्लक दाण्यांची पट्टी केली आणि तोडली. हातोडा अडलासुद्धा नाही.

६ मे
चौकशीसाठी कारखाना बंद. रिअ‍ॅक्टर गार. तिथून प्रोग्रॅमकडे येणाऱ्या तारा सोडवल्यात, इलेक्ट्रिशियनने मला नेऊन दाखवल्या. तरी खोलीवर आणलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर तापमान: सदतीस.
जिना चढून आले तर दाब वाढलेला. शांत बसले, उतरला.
मला मोजतोय तो.
मजबुतीचा आकडा अजून बरा आहे.

८ मे
साहेबांना सांगायचंच म्हणून गेले. इकडचं तिकडचं बोलून परत आले. आकडा घसरला.
केस विंचरताना नख तुटलं. खटकन, खडूसारखं. रक्त नाही.

१३ मे
मामीकडे गेले. तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली, तुझं फार कौतुक होतं गं त्यांना. मी रडले. नुसती रडले. रडणं म्हणजे सांगणं नव्हे.
हात सोडवताना करंगळी — आवाज झाला. दुखलं नाही. ओढणीखाली लपवली.
पुन्हा लपवलंच.

१५ मे
आकडा तळाला. मामीला फोन करून बोलावलंय. आज सांगणार. वाकायची भीती वाटते — खुर्चीवरून उठले तर गुडघा —
जिन्यात ती. घरमालकिणीशी बोलतेय —
आली. समोर बसलीये. काय झालं गं, बोल ना, म्हणते. तोंड उघडलं आणि जबडा — तिने ऐकलं. किंचाळली.
बोलता येत नाही आता. वही तिच्यापुढे धरून लिहितेय. मनगटाला चीर —
मामी, वाच. तो माल खराब होता. मला शंका होती. तरी मीच सो