नाही जात

आई, तुला वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, जेवतेही वेळेवर. तुझा गुडघा काय म्हणतो? बाबा गोळ्या घेतात, की उशीखाली लपवतात?

नोकरी सोडून घरी येते म्हणाले होते ना? काल ते व्यसनमुक्तीच्या वॉर्डातल्या मुलामुलींना सांगितलं. आल्यापासून तोंडातून शब्द न काढलेली एक सतरा वर्षांची मुलगी तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"तुम्ही सुटलात, डॉक्टर."

मी म्हटलं, "अगं, नवे डॉक्टर येतील."

"आधीचे पण हेच म्हणाले होते," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दिवसभर अन्नाला शिवली नाही. संध्याकाळी तिच्या खाटेवर बसले आणि बोलून गेले, "नाही जात." ती उठली, ताट पुढे ओढलं. तिला जेवताना बघून बरं वाटायला हवं होतं, पण माझाच जीव कोंडला. वॉर्डाची किल्ली माझ्याच खिशात असते, तरी.

तेव्हा माझी खोली इतक्यात झाडून ठेवू नकोस. बाबांना तूच सांग. त्यांनी फोनवर "कधी येतेस?" विचारलं, तर मी खरंच निघून येईन.

तुझी,
धाकटी